रात्री पाऊस पडून गेला की शहरात उतरलेले स्थलांतरित पक्षी कसे शोधावेत

रात्री पाऊस पडून सकाळी उघडीप झाली की ओला रस्ता बघून पुन्हा पांघरूण ओढायचा मोह होतो. पक्षीनिरीक्षणाला नव्याने लागलेल्यांनी नेमकं त्याच सकाळी उठावं, असा माझा आग्रह आहे. स्थलांतराच्या हंगामात अशा सकाळी इमारतींच्या मधल्या एकुलत्या एका झाडावर, वाहनतळाच्या कडेच्या कुंपणात, बागेतल्या कचऱ्याच्या ढिगाशेजारी असे छोटे पक्षी सापडतात, जे एरवी त्या शहरात दिसायचं काही कारणच नसतं. ते तिथे राहायला आलेले नसतात. रात्री उंचावरून जात असताना पावसाने त्यांना खाली उतरवलेलं असतं आणि एक-दोन रात्रींत ते निघूनही जातात.

सुरुवातीला सगळ्यांचा एक समज होतो: पाऊस पडला म्हणजे पक्षी उतरले. तसं असतं तर काम सोपं झालं असतं. पाऊस किती पडला यापेक्षा तो किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता थांबला, याला महत्त्व आहे. हे एकदा लक्षात आलं की निम्म्या फुकटच्या फेऱ्या वाचतात. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मी त्यालाच देणार आहे.

आधी थोडं कारण समजून घ्या

वटवटे, माशीमार, कस्तूर, भारीट अशा बहुतेक छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांचं स्थलांतर रात्री होतं. रात्री हवा गार आणि स्थिर असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. दिशेसाठी ते ताऱ्यांचाही आधार घेतात. स्टीफन एम्लेन यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंडिगो बंटिंग या पक्ष्यांना तारांगणाच्या घुमटाखाली ठेवून हे दाखवून दिलं होतं.

सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासात हे पक्षी उड्डाण करतात. पुढचे काही तास आकाशात गर्दी वाढत जाते आणि पहाटेकडे ती ओसरते. या प्रवासाचं इंधन म्हणजे अंगावरची चरबी. निघण्यापूर्वी काही जातींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. उत्तर अमेरिकेतला ब्लॅकपोल वार्बलर एरवी जेमतेम १२ ग्रॅमचा. तो अटलांटिकवरून न थांबता २,२०० किलोमीटरहून जास्त उडतो, हे २०१५ साली पाठीवर बसवलेल्या चिमुकल्या यंत्रांतून सिद्ध झालं.

अशा पक्ष्याला वाटेत पाऊस गाठतो तेव्हा पिसं भिजतात, दिसेनासं होतं, समोरून वारा लागतो आणि चरबी भराभर जळते. मग खाली जे काही असेल तिथे उतरण्यावाचून इलाज नसतो. खाली शहर असेल तर शहरातच. त्यात ढग खाली आलेले असले की शहराचे दिवे त्यांच्यावर पसरतात आणि पक्षी त्या उजेडाकडे ओढले जातात. न्यूयॉर्कमध्ये दर ११ सप्टेंबरला आकाशात सोडल्या जाणाऱ्या प्रकाशझोतांचा सात वर्षांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्या सात रात्रींत मिळून सुमारे ११ लाख पक्ष्यांवर उजेडाचा परिणाम झाला होता.

काय काय लागेल

- दुर्बीण. ८×४२ किंवा ८×३२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये. १० पटीची दुर्बीण मोहात पाडते, पण हात हलला की चित्रही जास्त हलतं आणि पानांत फिरणारा पक्षी सापडत नाही. दोन-अडीच मीटरवरचंही स्पष्ट दिसतं ना, हे घेतानाच बघा. अशा सकाळी पक्षी फार जवळ येतात.
- भिंग पुसायचं मऊ कापड, कोरडं राहील अशा पिशवीत. ओल्या सदऱ्याने भिंग पुसू नका, धुळीचे कण घासून ओरखडे पडतात.
- वही आणि पेन्सिल. पेनची शाई ओल्या कागदावर पसरते.
- फोनमध्ये तासागणिक पाऊस दाखवणारं हवामानाचं ॲप, नोंदींसाठी ईबर्ड आणि ओळखीला मदत म्हणून मर्लिन. तुमच्या भागाची पक्षीसूची मर्लिनमध्ये आदल्या दिवशीच उतरवून ठेवा.
- न घसरणारे बूट.
- ओळखपत्र. शिक्षणसंस्थेच्या आवारात, दफनभूमीत किंवा खाजगी बागेत जाणार असाल तर परवानगीचं पत्र किंवा निदान तसा संदेश.
- झाकण असलेला एक छोटा पुठ्ठ्याचा खोका. तो कशासाठी, ते पायरी ७ मध्ये येईल.

१. आदल्या संध्याकाळी हवामान वाचा

पहिला प्रश्न हंगामाचा. उत्तर गोलार्धात साधारण ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर हे पक्षी दक्षिणेकडे येतात आणि मार्च ते मे उत्तरेकडे परततात. या महिन्यांबाहेर पाऊस कितीही पडला तरी त्याचा इथे फारसा उपयोग नाही.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. पक्षी शक्यतो पाठीवरचा वारा बघून निघतात. म्हणजे दक्षिणेकडे येताना उत्तरेचा वारा हवा आणि परततानाच्या दिवसांत दक्षिणेचा. इथे एक घोळ हमखास होतो. ‘उत्तरेचा वारा’ म्हणजे उत्तरेकडून येणारा. ॲपमधला बाण मात्र बहुतेक वेळा वारा जिकडे चालला आहे तिकडे टोक करून असतो. शब्द आणि बाण यांची सांगड एकदा नीट घालून घ्या.

आता मुख्य गोष्ट, पावसाची वेळ.

संध्याकाळपासूनच तुमच्यावर आणि पक्षी जिकडून येतात त्या सगळ्या पट्ट्यावर पाऊस असेल, तर पक्षी निघतच नाहीत. जिथे आहेत तिथेच थांबतात. सकाळी तुम्हाला कालचेच पक्षी भिजलेले दिसतील. नवे लोक नेमके अशा सकाळी उत्साहाने जातात आणि हिरमुसून परततात.

संध्याकाळी आकाश मोकळं, वारा पाठीवरचा आणि मग रात्री साधारण एक ते चारच्या दरम्यान पाऊस, असं झालं तर उठायलाच हवं. पक्षी निघालेले असतात, वाटेत असतात आणि तुमच्या डोक्यावर येईपर्यंत पाऊस त्यांना गाठतो.

तिसरी शक्यता सहसा कोणी विचारात घेत नाही, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. तुमच्याकडे संध्याकाळपासून पाऊस आहे, पण पक्षी जिथून निघतात तिथे कोरडं आहे. छोटे पक्षी साधारण ताशी ४० किलोमीटरच्या आसपास उडतात असं धरा. वाऱ्याची साथ असेल तर त्याहून जास्त. सहा तासांत ते सहज अडीचशे किलोमीटर येतात. म्हणून फक्त आपल्या शहराचं आकाश बघून थांबू नका. दक्षिणेकडे येण्याच्या हंगामात उत्तरेला दोन-तीनशे किलोमीटरवर आणि परतीच्या हंगामात तितक्याच अंतरावर दक्षिणेला सूर्यास्ताच्या सुमारास काय स्थिती होती, ते तपासा. तिकडे स्वच्छ आणि इकडे पाऊस, ही जोडी फार चांगली.

पाऊस कधी थांबला हेही बघायचं. पहाटेच्या सुमारास थांबलेला सगळ्यात सोयीचा. मध्यरात्री तास-दीड तास पडून मागे आकाश पुन्हा मोकळं झालं असेल, तर उतरलेल्यांपैकी काही जण पुन्हा उडून जाऊ शकतात.

२. रडार बघायला शिका

पावसाची वेळ सगळ्यात विश्वासाने कळते ती हवामान खात्याच्या रडारच्या चित्रांवरून. एकच चित्र बघू नका, मागच्या काही तासांची हलती मालिका बघा. पावसाचे ठिपके फाटक्या कडांचे, कमी-जास्त तीव्रतेचे असतात आणि एका दिशेने सरकतात.

काही देशांतल्या रडारवर पक्षीही दिसतात. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने रडारकेंद्राभोवती एक मऊ, सारख्या पोताचं वर्तुळ फुगायला लागतं आणि पाऊस नसतानाही ते पसरत जातं. ती पक्ष्यांची उड्डाणं असतात, काही वेळा त्यात किडे आणि वटवाघळंही. अमेरिकेत ‘बर्डकास्ट’ याच रडारच्या आधारे रोज रात्रीचा अंदाज देतं. इतर ठिकाणी ही नक्षी बऱ्याचदा गाळून मगच चित्र लोकांना दाखवतात. ती दिसली नाही तर पक्षी नाहीत असं समजू नका. पावसाची वेळ कळली तरी आपलं काम झालं.

रडारखेरीज कान आहेतच. ढग खाली असलेल्या रात्री गच्चीत किंवा बाल्कनीत दहा मिनिटं शांत उभे राहा. वरून एकेकटे, अगदी तुटक ‘त्सिप्’, ‘झीट्’ असे आवाज येतात. उडताना पक्षी एकमेकांना देतात ते हे आवाज. नवख्याला त्यावरून जात कळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. मिनिटाला तीन-चार ऐकू आले तर गजर लवकरचा लावा.

३. जागा एकच ठरवा

उंचावरून बघणाऱ्या दमलेल्या पक्ष्याला शहर म्हणजे काँक्रीट आणि मधेमधे हिरवे ठिपके. तो त्या ठिपक्यांत शिरतो. म्हणून सगळीकडून बांधकामाने वेढलेली बाग ही मोठ्या जंगलापेक्षा अशा सकाळी जास्त फळते. जंगलात तेच पक्षी विखुरलेले राहतात, इथे एकवटतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये दोनशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, त्याचं मोठं कारण हेच. शिकागोच्या तलावाकाठी माँट्रोझ पॉइंट नावाची छोटीशी जागा आहे. तिथल्या झुडपांच्या एका रांगेला पक्षीनिरीक्षक ‘जादूचं कुंपण’ म्हणतात आणि त्या परिसरात तीनशेहून अधिक जातींची नोंद आहे.

जागा निवडताना मी या क्रमाने बघतो: पाणी आहे का, खाली झुडपं आणि पालापाचोळा शिल्लक आहे का, झाडं वेगवेगळ्या उंचीची आहेत का, आणि सकाळचं ऊन पहिल्यांदा कुठे पडतं. कापून-छाटून गालिच्यासारखी केलेली बाग दिसायला सुंदर असते, पण तिथे या पक्ष्यांना खायला काही नसतं. मागच्या बाजूचा, माळ्याचं लक्ष न गेलेला कोपरा बघा. किनाऱ्याजवळच्या किंवा मोठ्या तलावाकाठच्या शहरात असाल तर पाण्यालगतची पहिली झुडपं आधी गाठा.

चार बागांच्या मागे धावू नका. एकच जागा निवडा आणि ती पाऊस नसलेल्या दिवशीही दोन-तीनदा बघून ठेवा. तिथले रोजचे पक्षी कोण, ते कुठे बसतात, कसे ओरडतात हे डोक्यात बसलं, तरच नवा पाहुणा वेगळा कळतो. चिमण्या, बुलबुल, शिंजीर, शिंपी यांचे नेहमीचे आवाज ओळखता येणं ही या छंदातली खरी पूर्वतयारी आहे.

४. केव्हा पोचायचं

उजाडायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. पहिला तास वेगळाच असतो. रात्री अंधारात गच्चीवर, सिग्नलशेजारच्या झाडावर, जिथे जमेल तिथे उतरलेले पक्षी उजेड झाला की बरी जागा शोधायला लागतात. इमारतींच्या मधून, झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून छोटे पक्षी एकेक करून एकाच दिशेने सरकताना दिसतील. ही दिशा स्थलांतराच्या दिशेच्या उलटही असू शकते. ते कुठे शिरतात ते बघून ठेवा, पुढचे दोन तास तिथेच काढायचे आहेत.

सकाळी पाऊस चालूच असेल तर घरी बसा, पण कपडे करून बसा. पाऊस थांबला की लगेच निघा, मग दुपारचे बारा का वाजेनात. भिजून उपाशी बसलेले पक्षी पावसानंतरच्या अर्ध्या तासात बाहेर येऊन अधाशासारखे खातात. भुरभुर असेल तर मात्र थांबायचं कारण नाही.

एक छोटी पण फार उपयोगी गोष्ट: रात्री वातानुकूलित खोलीत असलेली दुर्बीण बाहेरच्या दमट हवेत काढली की भिंगांवर वाफ धरते आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं वाया जातात. निघायच्या अर्धा तास आधी ती पिशवीसकट बाल्कनीत किंवा खिडकीत ठेवा.

५. उभं राहायला शिका

नवखे लोक चालत राहतात. पायवाटेने बागेला तीन चकरा मारतात आणि ‘काहीच नव्हतं’ म्हणतात. अशा सकाळी पक्षी भुकेले असतात, दमलेले असतात आणि एका झाडावर बराच वेळ काढतात. तुम्हीही तसंच करा.

पूर्वेकडून ऊन येणारी झाडांची बाजू निवडा. ऊन पडलं की पानांमागचे किडे हलायला लागतात आणि पक्षी तिथे जमतात. वारा असेल तर आडोशाची बाजू. सूर्य तुमच्या पाठीशी राहील असं उभं राहा, नाहीतर सगळे पक्षी काळ्या सावल्या दिसतील. मग पंधरा-वीस मिनिटं जागेवरून हलू नका.

आधी नुसत्या डोळ्यांनी बघायचं. पाऊस थांबल्यावर पानांवरून थेंब टपकत असतात आणि प्रत्येक थेंबाने एखादं पान हलतं, त्यामुळे सुरुवातीला नजर सारखी फसते. थेंबाने हललेलं पान एकदा खाली जातं आणि स्थिर होतं. पक्ष्याने हलवलेल्या पानाशेजारचं दुसरं पान हलतं, मग तिसरं, आणि ती हालचाल फांदीवरून पुढे सरकते. हा फरक डोळ्यांत बसायला एक सकाळ पुरते.

पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून काढू नका. मान खाली घालून दुर्बीण शोधायची नाही. नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. घरी खिडकीतून एखाद्या ठरावीक पानावर याचा सराव करा.

ओळखीच्या स्थानिक पक्ष्यांचा छोटा थवा झाडातून फिरताना दिसला की त्याच्यामागे सावकाश जा. नव्या जागेत आलेले स्थलांतरित अशा थव्यांना येऊन मिळतात, कारण खाणं कुठे आहे आणि धोका कुठे आहे हे स्थानिकांना ठाऊक असतं.

वर बघता बघता जमीन विसरू नका. झुडपाखाली पाचोळा उलटल्याचा थांबून थांबून येणारा आवाज बहुधा कस्तुराचा असतो. दोन उड्या, मग स्तब्ध, मग चोचीने पान बाजूला. साचलेल्या पाण्याच्या कडेला धोबी शेपटी हलवत फिरतात. आणि मला स्वतःला सगळ्यात आवडणारी गोष्ट: छोटे वटवटे डबक्यात न उतरता ओल्या पानांवरच आंघोळ करतात. पानाच्या देठाकडून सुरुवात करून पोट, मग मान, मग पंखाची एक बाजू पानाच्या ओल्या पाठीवर घासत खाली घसरतात, की पुढच्या पानावर. तेव्हा त्यांचं तुमच्याकडे अजिबात लक्ष नसतं. पट्टे, रंग, चोच सगळं निवांत बघून घ्या.

६. ओळख पटवताना

भिजलेला पक्षी पुस्तकातल्यासारखा दिसत नाही. पिसं चिकटल्याने तो बारीक आणि गडद दिसतो, पंखावरचे फिके पट्टे पुसट होतात. म्हणून रंगावर फार विसंबू नका. या क्रमाने बघा: पक्षी कुठल्या उंचीवर आहे, खातो कसा, शेपटीचं काय करतो, भुवई आणि पंखावरचे पट्टे आहेत का, आणि शेवटी रंग.

दक्षिण आशियात हिवाळा काढणाऱ्यांपैकी सुरुवातीला या चौघांवर लक्ष ठेवा:

लाल छातीचा माशीमार. मधल्या फांद्यांवर बसतो, झेप घेऊन किडा पकडतो. शेपटी झटक्याने वर करतो आणि त्या क्षणी शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग चमकतात. गळ्याचा लालसर रंग प्रौढ नरालाच असतो, त्यामुळे बहुतेक पक्ष्यांत तो शोधून सापडणार नाही. शेपटी बघा. कोरडा ‘ट्र्र्र्’ असा आवाज काढतो.

हिरवट पर्णवटवट्या, म्हणजे ग्रीनिश वार्बलर. झाडाच्या वरच्या भागात, क्षणभर स्थिर नाही. ठळक फिकी भुवई, पंखावर जेमतेम एक बारीक पट्टा आणि ‘चि-स्वी’ असा दोन तुकड्यांचा आवाज. पर्णवटवट्यांच्या जाती एकमेकींसारख्या इतक्या, की मुरलेले निरीक्षकही आवाजावाचून छातीठोक सांगत नाहीत. तुम्ही ‘पर्णवटवट्या, जात नक्की नाही’ असं लिहिलंत तर त्यात काहीही कमी नाही.

ब्लिथचा वटवट्या. साधा, तपकिरी, कुठलीच खूण नसलेला. झुडपात खाली दडून राहतो आणि ‘चक्… चक्’ करत राहतो. आधी ऐकू येतो, मग बऱ्याच वेळाने दिसतो.

नवरंग. शास्त्राच्या काटेकोर वर्गवारीत तो गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात बसत नाही, पण रात्रीच प्रवास करतो आणि दमून शहरी घरांच्या आवारात, जिन्यातसुद्धा सापडतो. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून पावसाळ्याच्या तोंडावर तो उत्तरेकडे सरकतो. सावलीतल्या पाचोळ्यात जमिनीवर शोधा.

युरोपात असाल तर विलो वार्बलर, पाइड फ्लायकॅचर आणि रेडस्टार्ट यांची तयारी करून जा. उत्तर अमेरिकेत ओव्हनबर्ड आणि पांढऱ्या गळ्याची चिमणी पदपथाच्या कडेलाही चालताना दिसतात.

मर्लिनच्या आवाज-ओळखीबद्दल एक सावधगिरी. ही सोय २०२१ मध्ये आली आणि शिकायला उत्तम आहे. पण टपकणारं पाणी, वाहनं, आवाजांची नक्कल करणारे पक्षी यांनी ती फसते. ॲपने नाव दाखवलं म्हणजे कुठे बघायचं याची सूचना मिळाली, एवढंच. पक्षी डोळ्यांनी दिसला किंवा आवाज तुम्हाला स्वतःला पटला, तरच नोंद करा.

आणि उलट दिशेने, म्हणजे फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणं, अशा सकाळी अजिबात करू नका. रात्रभर पावसाशी झगडून उतरलेला आठ-दहा ग्रॅमचा जीव पुढच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतो. तो कल्पित प्रतिस्पर्ध्याच्या शोधात झुडूपभर फिरला, तर ते खाण्याच्या वेळातून जातं. फोटोसाठी झुडपात शिरणं आणि फांद्या हलवणं तसंच. तीन-चार जण असाल तर एका बाजूने उभे राहा, पक्ष्याला घेरू नका.

निवासी इमारतींजवळ दुर्बीण खिडक्यांच्या दिशेने जाणार नाही याचीही काळजी घ्या. कोणी विचारलं तर दुर्बीण पुढे करून पक्षी दाखवा. माझ्या अनुभवात पहारेकऱ्यांना त्या आवारातली फळांनी लगडलेली झाडं आणि पाण्याच्या गळक्या जागा सगळ्यात चांगल्या माहीत असतात.

७. काचेला धडकलेला पक्षी सापडला तर

ढगाळ, पावसाळी रात्रीनंतरच्या सकाळी हे होतंच, त्यामुळे तयारीने जा. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोतल्या मॅकॉर्मिक प्लेस या एका इमारतीपाशी जवळपास हजार पक्षी मेलेले सापडले होते. बहुतेक छोटे स्थलांतरित.

पक्षी जिवंत पण सुन्न बसला असेल तर मांजर-कावळ्यांपासून आधी वाचवा. दोन्ही हातांनी हलकेच धरा, छाती दाबू नका, कारण श्वास घेताना त्याची छाती हलावी लागते. खोक्यात कागद अंथरून ठेवा, झाकणाला बारीक भोकं पाडा, झाकण लावा आणि शांत, ना गरम ना गार जागी ठेवा. पाणी पाजू नका, खायला घालू नका, सारखं उघडून बघू नका. तास-दोन तासांनी झाडीजवळ, काचांपासून दूर खोका उघडा. पक्षी उडाला तर ठीक. नाहीतर किंवा पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल, तर वाट न बघता वन विभागाला किंवा वन्यजीव उपचार केंद्राला कळवा. तो क्रमांक आजच शोधून फोनमध्ये ठेवा. वन्य पक्षी घरी पाळणं बहुतेक देशांत गुन्हा आहे. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यासाठी आहे.

मेलेला पक्षी दिसला तर फोटो, जागा आणि इमारतीची नेमकी बाजू लिहून ठेवा. एकाच काचेखाली पुन्हा पुन्हा सापडत असतील तर त्या नोंदी घेऊन इमारतीच्या व्यवस्थापनाकडे जा. स्थलांतराच्या हंगामात रात्री अनावश्यक दिवे बंद करणं आणि काचेच्या बाहेरच्या बाजूने साधारण पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके लावणं, हे दोन्ही उपाय कामाचे ठरलेले आहेत. मॅकॉर्मिक प्लेसच्या काचांवर २०२४ मध्ये असे ठिपके लावले गेले. नोंदी हातात असल्या की लोक ऐकतात.

८. नोंद आणि दुसरी सकाळ

पक्ष्यांच्या नावांबरोबर हे लिहा: पाऊस किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, वाऱ्याची दिशा, तुम्ही किती वेळ आणि कुठे उभे होता, आणि प्रत्येक जातीचे अंदाजे किती पक्षी. ईबर्डवर वेळ आणि अंतराचे रकाने आहेतच, पण पावसाची वेळ टिपणाच्या जागेत हाताने लिहावी लागते. ती लिहिली नाही तर वर्षभराने यादी हातात राहते आणि त्या सकाळी एवढे पक्षी का होते, हे कळायला मार्ग उरत नाही. रिकाम्या सकाळींचीही नोंद करा. आपल्या शहरात कुठल्या वाऱ्याने काय होतं, हे त्यातूनच उमगत जातं.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा जा, जमल्यास त्याच झाडाखाली उभे राहा. रात्र स्वच्छ गेली असेल आणि वारा पाठीवरचा असेल, तर बरेच जण निघून गेलेले असतील. मागे राहिलेल्यांत चरबी पुरेशी न साठलेले असतात, ते आणखी एक-दोन दिवस खात थांबतात. पाऊस दुसऱ्या रात्रीही लागून राहिला तर पक्षी तिथेच अडकतात आणि बघायला तुम्हाला जास्त वेळ मिळतो. त्यांना खायला मात्र कमी मिळत असतं, तेव्हा लांबूनच बघा. आणि एखादा माशीमार आठवड्यानंतरही त्याच फांदीवरून झेपा घेताना दिसला, तर तो बहुधा पुढे जाणारा नाही. हंगामभर तिथेच राहायला आला आहे. त्याच्या नावापुढे तारीख घाला आणि तो शेवटचा कधी दिसतो ते लिहीत राहा.